बिघडत चाललेल्या डिस्कमधून दशावतार बाहेर काढताना

लॅपटॉप सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं लागायला लागली तेव्हा घरात सगळ्यांचं निदान एकच होतं, 'जुना झालाय, नवीन घे.' मला खटकलं ते वेगळंच. बाकीची कामं रडतखडत का होईना चालायची, पण 'जत्रा' नावाचा फोल्डर उघडला की गोल चक्र फिरत राहायचं, खालून अगदी बारीक 'टक्... टक्' ऐकू यायचं. टास्क मॅनेजरमध्ये बघावं तर डिस्क शंभर टक्के गुंतलेली आणि वाचनाचा वेग जवळजवळ शून्य. लॅपटॉप जुना झाला की सगळंच मंदावतं. ठरावीक जागीच अडखळत असेल तर दुखणं डिस्कचं असतं.

त्या फोल्डरमध्ये आमच्या वेंगुर्ले-कुडाळ भागातल्या जत्रांमधली दशावताराची ध्वनिमुद्रणं आणि व्हिडिओ होते. देशावरच्या वाचकांसाठी सांगतो, दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं, राजपार्ट कोण करणार, स्त्रीपार्ट कोण, एवढं ठरलेलं असतं. संवाद मात्र रात्री दोन वाजता, समोरच्या नटाच्या तोंडाकडे बघत, जागच्या जागी जन्माला येतात. सकाळी पेटारा उचलून कंपनी पुढच्या गावाला निघून जाते, आणि त्या रात्रीचं बोलणं तिथेच संपतं. रेकॉर्डिंग असेल तरच ते उरतं. जुन्या हंगामांची दुसरी प्रत माझ्याकडे होती, नंतरच्या हंगामांची फक्त या लॅपटॉपवर. आणि नंतरच्या हंगामांतले दोन ज्येष्ठ नट आता आपल्यात नाहीत.

डिस्कची तब्येत बघायला मी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या दुखण्यांची नोंद स्वतःच ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. बरेच आकडे असतात, त्यातले दोन-तीनच कामाचे. 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने राखीव जागेत हलवलेले तुकडे. 'करंट पेंडिंग सेक्टर' म्हणजे जे वाचता येत नाहीत, पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे तुकडे. माझ्या डिस्कवर हा दुसरा आकडा शंभरांच्या घरात होता, आणि थोड्या वेळाने पुन्हा बघितलं तर वाढलेला. तेवढं बघून लॅपटॉप बंद केला. अडकला असेल तर पॉवरचं बटण दाबून धरावं, पण तसाच चालू ठेवू नये. विंडोज नुसतं चालू असलं तरी मागे सतत काही ना काही लिहीत असतं, आणि दुखावलेल्या डिस्कचं उरलेलं आयुष्य त्यात खर्ची पडतं.

या सगळ्या प्रकरणात मला पटलेली गोष्ट एकच, आणि ती पहिल्याच दिवशी पटली. अशी डिस्क दुरुस्त करायच्या फंदात पडायचं नाही. तिच्यातलं जितकं येतं तितकं दुसरीकडे उचलायचं, आणि जे काही करायचं ते त्या उचललेल्या नकलेवर करायचं.

बाजारातल्या दुकानदाराने मात्र मला नेमकं उलट सुचवलं. माणूस प्रामाणिक आहे, गावातले निम्मे लॅपटॉप त्याच्याच हातून जातात. तो म्हणाला, "चेकडिस्क मारून बघू, नाहीतर फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकतो, डिस्क एकदम ठणठणीत होईल." ठणठणीत होते हे खरं आहे, आणि का होते ते समजून घेण्यासारखं आहे. वाचता न येणाऱ्या सेक्टरवर काही नवीन लिहायला गेलं की डिस्क त्याचा निकाल लावते. जागा चांगली असेल तर तिथेच लिहिते, नसेल तर राखीव जागा वापरते, आणि 'पेंडिंग' आकडा खाली येतो. पूर्ण फॉरमॅट म्हणजे डिस्कभर शून्यं लिहिणं. साहजिकच आकडे सुधारतात, आणि आतलं सगळं पुसलं जातं. चेकडिस्क या विंडोजच्या तपासणीचंही तसंच. फाईलींच्या नोंदवहीत विसंगती दिसली की ते नोंद 'सुधारतं', अनाथ तुकडे उचलून वेगळ्या फोल्डरमध्ये कोंबतं, आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहितं. निरोगी डिस्कवर विंडोज गडबडलं असेल तर ही चांगली साधनं आहेत. इथे ती घातक ठरली असती. मी लॅपटॉप परत घेऊन आलो.

दुसरा सल्ला फ्रीजरचा. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरात ठेवायची, सकाळी चालते म्हणे. हा सल्ला मला एकाहून अधिक भल्या माणसांनी दिला, त्यामुळे त्यावर दोन शब्द जास्त लिहितो. डिस्कच्या पोटात चकचकीत तबकड्या असतात. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात आणि वाचणारं डोकं त्यांच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. माणसाचा केस ५० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज यावा. अशी डिस्क हवाबंद नसते. झाकणावर एक बारीक भोक असतं, आत गाळणी असते, आणि शेजारी 'हे भोक झाकू नका' असं छापलेलं असतं. आता आमच्याकडचा आषाढ डोळ्यांसमोर आणा. हवेत ओल इतकी, की पापड तासाभरात मऊ पडतो आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. अशा हवेत गार डिस्क बाहेर काढली की बाहेरून घाम फुटणार, आणि तसाच दव तबकड्यांवर आतही धरणार. त्यावरून डोकं फिरवलं की संपलं. किनारपट्टीवर राहणाऱ्याने तरी हा प्रयोग करू नये.

मी माझ्या भाच्याला फोन लावला. तो सिस्टिम अ‍ॅडमिनचं काम करतो आणि पावसाळ्यात आठवडाभर घरी आलेला होता. त्याने फोनवरच दोन गोष्टी विचारल्या. "मामा, बायोसमध्ये डिस्क तिच्या नावाने आणि पूर्ण क्षमतेने दिसते का? आणि आवाज अधूनमधून येतो की ठेका धरल्यासारखा सारखा?"

बायोस म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा पडदा. या दोन प्रश्नांवर पुढचं सगळं अवलंबून असतं. डिस्क दिसतच नसेल, क्षमता भलतीच दाखवत असेल, किंवा सुरू केल्याबरोबर ठरावीक अंतराने 'टकटक' करत असेल, तर डोकं निकामी झालेलं असण्याची शक्यता मोठी. मग घरी काहीही करायचं नाही. ती डिस्क धूळविरहित खोलीत उघडावी लागते आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं डोकं तिला बसवावं लागतं. ही कामं मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांत होतात, खर्च पाच आकडी सहज होतो, आणि तरीही हमी नसते. खालची हिरवी पाटी बदलली की झालं, असंही कुणी सांगतं. पण आताच्या डिस्कमध्ये त्या पाटीवरच्या चिपमध्ये त्याच एका डिस्कपुरती जुळणी साठवलेली असते. दुसऱ्याची पाटी तशीच लावून काम होत नाही. माझी डिस्क नावाने दिसत होती, क्षमता पूर्ण १ टीबी, आवाज फक्त अडखळताना. "मग आपण घेऊ काढून," भाचा म्हणाला. "पण मी येईपर्यंत चालू करू नका."

दशावतार कंपनीचे पेटीमास्तर रोज विचारायचे. मी त्यांना अण्णा म्हणतो, ऐंशीच्या जवळ आले आहेत.

"म्हंजे ता सगळा गेला काय रे?"

"नाय अण्णा. डिस्क बंद करून ठेवलंय. चालू ठेवलंय तर जातला."

"मगे बंदच ठेव. घाई कित्याक?"

अख्ख्या प्रकरणातला सर्वांत शहाणा सल्ला त्यांचाच होता.

भाच्याने लॅपटॉपची मागची पाठ उघडली, आधी बॅटरीची जोडणी काढली, मग डिस्क सरळ रेषेत मागे ओढून सोडवली. लाकडी पाटावर आडवी ठेवली, खालच्या पाटीला धातू लागू नये म्हणून, आणि तिच्यावर टेबल फॅन सोडला. दुखरी डिस्क तासन्‌तास वाचत राहिली की तापते, आणि तापली की आणखी चुकते. नक्कल उतरवायला २ टीबीची नवी बाहेरची डिस्क आणली. मूळ डिस्कपेक्षा मोठी हवीच, कारण आपण फाईली उचलत नाही, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत अख्ख्या डिस्कची एकच एक प्रचंड फाईल बनवतो. तिला इमेज म्हणतात. डिस्कवर फॅट-३२ ही जुनी मांडणी असेल तर ४ जीबीहून मोठी फाईल मावतच नाही, म्हणून ती आधी लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करून घेतली.

विंडोज पूर्णपणे बाजूला ठेवलं. पेनड्राइव्हवरून उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, चालू केलं आणि जोडलेली डिस्क आपोआप उघडण्याची सोय बंद केली. विंडोजमध्ये अशी डिस्क लावली की 'स्कॅन करून दुरुस्त करू का' म्हणून लगेच विचारणा होते, ती नको होती. मग भाच्याने दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक पडद्यावर आणले आणि डिस्कच्या लेबलवरचा अनुक्रमांक मला मोठ्याने वाचायला लावला. मी अक्षर-अक्षर वाचतोय, तो पडद्यावर बोट ठेवून जुळवतोय. उगमाच्या जागी रिकामी आणि मुक्कामाच्या जागी भरलेली डिस्क दिली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि ते परत फिरवता येत नाही. आकाराने एकीचा गोंधळ दुसरीशी होऊ शकतो, अनुक्रमांकाने होत नाही.

काम करणारं साधन जीएनयू डीडीरेस्क्यू. अँटोनियो डियाझ डियाझ यांनी लिहिलेलं, पूर्ण मोफत. पडद्यावर काळ्या खिडकीत काही आकडे फक्त हलतात, चित्रबित्र काही नाही, पण त्याची कामाची रीत फार विचारपूर्वक बेतलेली आहे. नेहमीची कॉपी खराब जागी येऊन तिथेच डोकं आपटत बसते. डीडीरेस्क्यू तसं करत नाही. ओहोटीला खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला गेलेली बाई आधी वरवर दिसतात त्या पटापट टोपलीत घेते, खोल चिखलात हात घालायचं काम मागे ठेवते, कारण भरती केव्हा चढेल याचा भरवसा नसतो. अगदी तीच ही रीत. पहिल्या फेरीत अडथळा आला की ते पुढे उडी मारतं आणि चांगला भाग सपाट्याने उचलून घेतं. मग उलट्या दिशेने येतं. मग खराब पट्ट्यांच्या कडा छाटून पट्टा अरुंद करतं. आणि सगळ्यात शेवटी उरलेल्या जागा एकेक सेक्टर करून खरवडतं. ही शेवटची फेरी डिस्कला सर्वांत जड जाते, म्हणून सुरुवातीला आम्ही ती बंद ठेवली होती.

आणि ते एक नकाशा लिहीत जातं. साधी मजकुराची फाईल. प्रत्येक ओळीत जागा कुठली, लांबी किती, आणि एक चिन्ह. अधिक म्हणजे मिळालं, उणे म्हणजे वाचता आलं नाही, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून गेलोच नाही. मध्येच काहीही झालं तरी हा नकाशा असला की काम तिथूनच पुढे चालू होतं. तो नव्या डिस्कवरच ठेवायचा. पेनड्राइव्हवरून चालवलेल्या उबुंटूत तो तसाच सोडला तर मशीन बंद होताच तो पुसला जातो.

सुरुवातीला सेकंदाला नव्वद-शंभर एमबी वेग होता. त्या हिशेबाने १ टीबी तीन-साडेतीन तासांत व्हायला हवं. निरोगी डिस्कवरसुद्धा बाहेरच्या कडेला वेग जास्त असतो आणि आतल्या बाजूला तो निम्म्यावर येतो. म्हणून वेग हळूहळू उतरला तर ते दुखणं नव्हे. आमचा वेग एका जागी येऊन शंभर एमबीवरून थेट काही केबीवर पडला, आणि थोड्या वेळात डिस्कच दिसेनाशी झाली. डिस्क आम्ही यूएसबी अडॅप्टरने जोडली होती, त्यावर हे बऱ्याचदा होतं. डिस्क उत्तर द्यायला फार वेळ लावते आणि मधली चिप कंटाळून जोडणी तोडते. पुन्हा जोडलं, नकाशावरून पुढे गेलो, पुन्हा तुटलं.

त्यावर उपाय म्हणजे अडॅप्टर काढून डिस्क थेट मदरबोर्डला जोडणं. लॅपटॉपच्या अडीच इंची साटा डिस्कची जोडणी डेस्कटॉपच्या डिस्कसारखीच असते, तीच केबल बसते. कुडाळला माझ्या एका मित्राचा कॉम्प्युटर क्लास आहे. तिथला डेस्कटॉप यूपीएसवर आणि पूर्ण क्लास इन्व्हर्टरवर. पावसाळ्यात आमच्याकडे झाड तारेवर पडलं की लाईट कधी येईल ते सांगता येत नाही, त्यामुळे ही व्यवस्था मला केबलहूनही मोलाची वाटली. क्लास सुटल्यावर संध्याकाळी काम लावलं आणि रात्रभर तिथेच बसलो. मध्यरात्रीनंतर लाईट गेली. बाहेर नुसता पावसाचा आवाज, आत इन्व्हर्टरची घरघर, आणि पडद्यावर आकडे पुढे सरकतायत. थेट जोडल्यावर डिस्क एकदाही तुटली नाही.

सकाळपर्यंत जवळजवळ सगळं आलं होतं, पावणेदोनशे एमबी सोडून. नकाशा चित्ररूपात दाखवणारं 'डीडीरेस्क्यू व्ह्यू' नावाचं साधन आहे, त्यात बघितलं. खराब पट्टे डिस्कभर सारख्या अंतराने पसरलेले दिसले तर एखादं डोकं कमजोर झालंय असं धरतात, आणि तेव्हा हट्ट न धरता थांबावं. आमच्याकडे लाल ठिपके एकाच भागात गोळा झालेले होते, म्हणजे तबकडीचा तेवढाच तुकडा दुखावलेला. भाच्याने डिस्क थंड होऊ दिली, आलेल्या इमेजची दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत केली, आणि मगच खरवडायची फेरी लावली. ती फारच संथ चालली, कधी कधी तर मिनिटाला काही केबी. शेवटी साडेतीन एमबी उरले. या डिस्कचा सेक्टर ४०९६ बाइटचा, म्हणजे सुमारे साडेआठशे सेक्टर. तिथे आम्ही थांबलो. आणखी फेऱ्या लावता आल्या असत्या, पण उरलेल्या साडेतीन एमबीत कुठल्या फाईली आहेत ते आधी बघावं, असं दोघांचंही मत पडलं.

ते बघायची युक्ती मला फार आवडली. डीडीरेस्क्यूला नकाशा देऊन सांगता येतं की इमेजमधल्या फक्त वाचता न आलेल्या जागा एका खुणेच्या शब्दाने भरून टाक. हे अर्थात दुसऱ्या प्रतीवर करायचं. मग ती प्रत उघडून सगळ्या फाईलींमध्ये तो शब्द शोधायचा. ज्या फाईलीत सापडेल तिला भोक पडलंय. निम्म्याहून अधिक भोकं विंडोजच्या स्वतःच्या फाईलींत आणि रिकाम्या जागेत निघाली, त्यांची चिंता नव्हती. उरली ती मात्र आमच्या जत्रांमध्ये.

आणि इथे कळलं की एकाच आकाराचं भोक प्रत्येक प्रकारच्या फाईलीला वेगवेगळं लागतं. ध्वनी मी साध्या वेव्ह प्रकारात ठेवत आलो आहे, सीडीच्या दर्जाचा. त्यात एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, म्हणजे एक अख्खा सेक्टर गेला तरी २३ मिलिसेकंदांचा आवाज जातो. मृदंगाच्या गजरात तो कळतही नाही, गाण्यात बारीक खटका येतो. एका जागी बरेच सेक्टर सलग गेले होते, तिथे जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा संवाद गळाला. दाबून लहान केलेल्या फाईलींना ही मुभा नसते. जेपीजी फोटोत मध्येच भोक पडलं की तिथून खाली रंग विस्कटतात किंवा राखाडी पट्टा येतो. व्हिडिओचं तर नशीब असावं लागतं. एमपी-फोरमध्ये कुठली चौकट कुठे आहे याची सूची बहुतेक कॅमेरे फाईलीच्या शेवटी लिहितात. भोक मधल्या चित्रांत पडलं तर दोन-चार सेकंद चौकोनी ठिपके दिसतात. तेच सूचीत पडलं तर तीन तासांचा व्हिडिओ सुरूच होत नाही.

एका व्हिडिओचं तसंच झालं. त्यासाठी 'अनट्रंक' नावाचं साधन आहे. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेला एक धड व्हिडिओ त्याला नमुना म्हणून द्यायचा. त्यावरून ते बिघडलेल्या फाईलीतल्या चौकटी ओळखून सूची नव्याने बांधतं. त्याच रात्री आडदशावताराचा, म्हणजे आख्यानाआधीचा, भाग मी वेगळ्या फाईलीत घेतला होता, तो नमुना म्हणून चालला. आख्यान पूर्ण उघडलं. काही ठिकाणी चित्र थिजतं, आवाज पुढे जातो. मला ते चालतं.

सगळ्यात जिवावरचं भोक मात्र फाईलींच्या नोंदवहीत होतं. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाईलची नोंद साधारण १०२४ बाइटची, म्हणजे एका सेक्टरमध्ये चार फाईलींची नावं, तारखा आणि जागा. तिथले सलग सेक्टर गेल्यामुळे बऱ्याच ध्वनिफाईली डिस्कवर असूनही यादीतून नाहीशा झाल्या होत्या. त्यांच्यासाठी फोटोरेक वापरलं. नावात फोटो असलं तरी ते कितीतरी प्रकारच्या फाईली शोधतं. नोंदवही बघतच नाही, सरळ इमेज वाचत जातं आणि फाईलीच्या सुरुवातीची ठरलेली खूण दिसली की तिथून फाईल कापून काढतं. फाईल तुकड्यांत विखुरलेली असेल तर त्याची गल्लत होते. माझी रेकॉर्डिंग एका दमात उतरवलेली असल्यामुळे बहुतेक सलग होती आणि नीट आली. पण नाव जातं. फाईलीला नाव म्हणून नुसता सेक्टरचा आकडा मिळतो.

मग तो आकड्यांचा ढीग घेऊन अण्णांच्या पडवीत बसलो. काही फाईलींच्या आत रेकॉर्डरने लिहिलेली तारीख सापडली, ब्रॉडकास्ट वेव्ह प्रकारात ती फाईलीच्या पोटातच असते, नोंदवहीवर अवलंबून नसते. बाकीच्यांना अण्णांचे कान. मी फाईल लावायची, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. आख्यान कोणतं ते पहिल्या दोन संवादांत सांगायचे. नट आवाजावरून. गाव मात्र सांगता येत नव्हतं, तेव्हा ते संवाद सोडून पेटी ऐकायला लागले.

"पेटी माझीच, ह्यात शंका नाय. पण ह्यो सूर ऐक. मधलो धैवत जरा उतरलेलो आसा मां? तो मी त्या वर्साच्या चवतीआधी लावून घेतलंय. म्हंजे ह्यो खेळ त्याच्या आदलो."

मी पुन्हा लावलं. मला आधी काही कळलं नाही. तिसऱ्यांदा ऐकताना तो धैवत मलाही खुपायला लागला. मग त्या एका उतरलेल्या सुरावर आम्ही ढीग दोन भागांत वाटला, दुरुस्तीच्या आधीच्या जत्रा एकीकडे आणि नंतरच्या एकीकडे. त्या आधीच्या ढिगात कुठे झांज वाजवणारा बदललेला, कुठे मागे देवळाचा नगारा, असं करत करत नावं लागत गेली. गेलेल्या एका नटाचा आवाज आला तेव्हा अण्णांनी हात वर करून मला थांबवलं आणि तो प्रवेश शेवटपर्यंत ऐकला. नाव लिहायला नंतर सांगितलं.

कुणाला हे करायची वेळ आली तर आणखी एक बघून ठेवावं. अलीकडच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आधीपासून कुलूपबंद असते, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाने. मग इमेज कितीही सुंदर उतरली तरी ४८ आकडी रिकव्हरी कीशिवाय आत काही दिसत नाही. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, लॅपटॉप धडधाकट असतानाच ती काढून कागदावर लिहून ठेवावी. माझा लॅपटॉप जुना, त्यामुळे हा प्रश्न आला नाही. आता त्यात एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेली डिस्क, बसवली आहे. वेगवान आहे, आदळआपट सोसते. पण तिच्यावरून पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा कमी, कारण पुसलेल्या जागा ती ट्रिम नावाच्या सोयीमुळे स्वतःच साफ करून टाकते. आणि ती जाते तेव्हा बहुधा टकटक करून आधी कळवत नाही.

रेकॉर्डिंगच्या आता तीन प्रती आहेत. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम आहे, तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. माझी तिसरी प्रत बहिणीकडे कोल्हापूरला आहे. घाट चढून गेलं की हवेतली खार आणि ओल दोन्ही कमी होतात. इथली प्रत घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते. भाच्याने प्रत्येक फाईलचा चेकसम, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारा खुणेचा आकडा, काढून यादी करून दिली आहे. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर ती यादी ताडून बघतो, म्हणजे एखादी फाईल आतल्या आत बिघडली असेल तर दुसऱ्या प्रतीवरून लगेच बदलता येते.

जुनी डिस्क भंगारात दिलेली नाही. 'वापरू नये' असं लिहून ठेवून दिली आहे, कारण त्या साडेतीन एमबीत काय होतं त्याची यादी आता माझ्याकडे आहे, आणि कधी एखाद्या प्रयोगशाळेत पाठवायचं ठरलंच तर नकाशा आणि डिस्क दोन्ही सोबत जातील. काही फाईलींना अजून गाव मिळालेलं नाही, अण्णांनाही ओळखता आलेलं नाही. तुळशीचं लग्न होऊन जत्रा सुरू झाल्या की कंपनीतले जुने मृदंगवाले आणि झांजवाले एका जागी भेटतील. तेव्हा मोबाईलमध्ये भरून तेवढ्या फाईली त्यांना ऐकवणार आहे.